पिल्लांचे आणि कुत्र्यांचे शिकवणी वर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शहादा असे कुठून कुठून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. वाचून आलात तर रविवारच्या वर्गाचा पहिला अर्धा तास वाचेल आणि तो कुत्र्यांच्या कामी येईल.

शेकहँड शिकवता का?

शिकवतो, शेवटच्या दिवशी, घरातल्या पोरांच्या आनंदासाठी. शेकहँड येत नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. अडतं ते फाटक उघडताच रस्त्यावर धूम ठोकणाऱ्या, दूधवाल्याच्या अंगावर झेपावणाऱ्या आणि नखं कापायला पाय हातात न देणाऱ्या कुत्र्यामुळे. म्हणून वर्गात भर असतो तो हाक मारली की येण्यावर, बसण्यावर, थांबण्यावर, तोंडातली वस्तू सोडण्यावर, पट्टा न ओढता चालण्यावर आणि डॉक्टरांना कान, दात, पंजे तपासू देण्यावर. शिवाय घरात थोडा वेळ एकटं राहता आलं पाहिजे. हे शेवटचं सगळे विसरतात आणि लग्नसराई आली की फोन करतात, ‘आम्ही बाहेर पडलो की दार ओरबाडतो हो.’

वर्गाचे टप्पे कसे आहेत?

चार आहेत. पहिला पिल्लांचा, साधारण 8 ते 16 आठवड्यांच्या वयासाठी. तिथे शिस्तीपेक्षा ओळखी जास्त. दुसरा पायाभूत, चार महिन्यांपुढच्या कुठल्याही वयाच्या कुत्र्यासाठी, बंद आवारात आणि पट्ट्यावर. तिसऱ्यात तेच धडे रस्त्यावर येतात: रिक्षा, गुरं, शाळेतून सुटलेली पोरं, वडापावच्या गाडीखाली पडलेले तुकडे. चौथ्यात 10 मीटरच्या दोरीवर लांबून हाक आणि मालक नजरेआड गेल्यावरही जागेवर थांबणं.

ही मांडणी आम्ही शोधलेली नाही. ब्रिटनच्या केनेल क्लबने 1992 मध्ये ‘गुड सिटिझन’ योजना सुरू केली. पिल्लांचा पाया, मग कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा तिच्या पायऱ्या आहेत. अमेरिकेत 1989 पासून दहा कसोट्यांची परीक्षा आहे. तिच्यात अनोळखी माणसाला शांतपणे जवळ येऊ देणं, गर्दीतून चालणं, दुसरं कुत्रं दिसल्यावर भान न सोडणं असल्या रोजच्याच गोष्टी तपासतात. आमच्याकडे गर्दी म्हणजे भाजीबाजार, एवढाच फरक.

वरच्या वर्गात कधी जायचं हे कॅलेंडर ठरवत नाही. तुम्ही एकदाच सांगितलं आणि पाचपैकी चार वेळा त्याने केलं, की पुढे. कुणाचं लवकर होतं, कुणी तोच वर्ग पुन्हा करतं. त्यात कमीपणा काही नाही.

‘त्याला सगळं येतं, पण बाहेर ऐकत नाही.’ मग थेट तिसऱ्या वर्गात बसवू का?

नको. कुत्रा शब्द एकटा शिकत नाही, जागेसकट शिकतो. स्वयंपाकघरात ओट्यासमोर, तुमच्या हातात पोळी असताना ‘बस’ म्हटल्यावर बसणारं कुत्रं अंगणात त्याच शब्दाला तुमच्या तोंडाकडे बघत राहतं. त्याला खरंच कळलेलं नसतं. तोच धडा ओसरीवर, मग अंगणात, मग फाटकाशी, मग रस्त्याच्या कडेला असा पुन्हा शिकवावा लागतो. प्रत्येक नव्या जागी एक पायरी खाली उतरायचं, म्हणजे कमी वेळ, कमी अंतर आणि जास्त खाऊ.

पिल्लू कधी आणायचं? लसी पूर्ण झालेल्या नाहीत.

पहिली लस होऊन आठवडाभर झाला आणि पिल्लू खेळतं-खातं असलं तर आणा, आधी तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. पिल्लांच्या वर्गाआधी आम्ही फरशी जंतुनाशकाने धुतो आणि उलटी-जुलाब असलेलं पिल्लू फाटकातून आत घेत नाही. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या उलटी-जुलाबाच्या रोगाची, भीती खरी आहे. पण पिल्लू जगाशी सहज जुळवून घेतं तो काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. या दिवसांत जे दिसलं, ऐकू आलं, पायाखालून गेलं, ते त्याच्या लेखी नेहमीचं होतं. जे राहिलं त्याची धास्ती पुढे वर्षानुवर्षं काढत बसावी लागते. लसी मात्र 16 आठवड्यांपर्यंत चालतात आणि रेबीजची साधारण तीन महिन्यांना. तोवर घरात कोंडलं, तर नेमका तोच काळ निघून जातो.

मधला मार्ग सोपा आहे: उचलून न्या. पिशवीत किंवा कडेवर घेऊन बसस्टँडच्या कोपऱ्यावर दहा मिनिटं उभे राहा. भुसावळकरांना तर रेल्वेचा आवाज फुकट मिळतो. हेल्मेट घातलेला माणूस, नऊवारीतली आजी, काठी टेकत चालणारे बाबा, प्रेशर कुकरची शिट्टी, गिरणीची घरघर, सगळं दाखवा आणि प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर एक घास द्या. मोकाट कुत्री फिरतात त्या जमिनीवर तेवढं ठेवू नका.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू मात्र कुणी विकत असेल तर घेऊ नका. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार ते विकता येत नाही, आणि आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लाला चावा किती जोरात घ्यायचा हेही धड कळलेलं नसतं.

पिल्लू हातापायाला सारखं चावतं. भांडकुदळ निघेल का?

नाही. त्याच्या हिरड्या शिवशिवतात. दुधाचे 28 दात चौथ्या महिन्याच्या आसपास पडू लागतात, त्यांच्या जागी 42 येतात, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत हे प्रकरण मिटतं. तोवर ओला फडका पिळून फ्रीजरमध्ये घट्ट करून चावायला द्या. दात लागला की खेळ तिथेच थांबवा, हात मागे घ्या, उठून जा. ओरडून हात झटकलात तर त्याला वाटतं खेळ रंगला. मुलांना पळू देऊ नका. पळणारी पोटरी म्हणजे आमंत्रणच.

घरात शू-शी करतं. नाक त्यात घासायचं ना?

अजिबात नाही. त्यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही. मग दिवाणाखाली करतं. दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम तीन तास धरू शकतं, जागं असताना त्याहून कमी. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर लगेच त्याच एका जागी न्या. झालं की तिथेच, त्याच क्षणी खाऊ. घरात आल्यावर दिलेला खाऊ घरात आल्याबद्दलचा होतो. घरात झालं तर निमूट पुसा. नुसत्या फिनाईलने आपल्या नाकाला बरं वाटतं, त्याच्या नाकाला जागा सापडतेच. पाण्यात व्हिनेगर घालून पुसा.

घरात आठ-दहा माणसं आहेत. वर्गाला कुणी यायचं?

खरं काम या प्रश्नात आहे. वर्ग आठवड्यातून एक तास, उरलेला सगळा आठवडा घर शिकवतं. आणि घर काय शिकवतं बघा: आजी म्हणते ‘खाले बठ’, बाबा म्हणतात ‘बस’, कॉलेजातली ताई म्हणते ‘सिट’, आणि धाकटा तिन्ही शब्द एका दमात चार वेळा म्हणून खाऊ देऊन मोकळा. कुत्रं बिचारं माणसागणिक भाषा शिकत बसतं. अहिराणीत शिकवा, मराठीत शिकवा, इंग्रजीत शिकवा, त्याला सगळं सारखंच. पण घरात एका कामाला एकच शब्द ठरवा, कागदावर लिहा आणि फ्रिजवर चिकटवा. ‘आठे ये’ (इकडे ये) ठरलं तर मुंबईहून आलेल्या काकांनीही ‘आठे ये’च म्हणायचं.

शब्दांपेक्षा नियम जास्त फाटतात. ताटाजवळ आलं की सगळे हाकलतात आणि आजोबा धोतराआडून भाकरीचा तुकडा टाकतात. दहा वेळा हाकलून अकराव्या वेळी तुकडा मिळाला, तर ताटाशी रोज बसण्याची सवय उलट पक्की होते. कधीतरी मिळणारं बक्षीस सर्वात चिवट सवय लावतं. आजोबांना तुकडा द्यायचाच असेल (आणि ते देणारच) तर जेवण झाल्यावर, कुत्र्याच्या भांड्यात, त्याला बसवून द्यायला सांगा. आमच्या अनुभवात आजोबा सगळ्यात चांगले शिक्षक होतात, कारण त्यांना घाई नसते.

म्हणून पहिल्या दिवशी घरातली निदान दोन माणसं या, आणि त्यातलं एक रोज त्याला खायला घालणारं असावं. बहुतेक घरांत ती बाई असते आणि पट्टा धरून मात्र मुलगा येतो.

पण थोडा धाक हवाच ना? नाहीतर डोक्यावर बसेल.

हा विचार कुठून आला ते सांगतो. 1947 मध्ये प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं: ते वरचढपणासाठी भांडतात. पुढे ते कुत्र्यांना चिकटवलं गेलं, ‘तूच कळपाचा म्होरक्या हो’ म्हणून. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी मोकळ्या जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये मांडलं की कळप म्हणजे साधारणपणे आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. म्हणजे मूळ आधारच डळमळीत. शिवाय कुत्रा काही लांडगा नाही.

व्यवहाराचं बोलू. चापट मारली की कुत्रं थांबतं, हे खरं. पण त्याला काय कळलं? पाहुणे आले, ते आनंदाने उडालं, चापट बसली. असं चार-पाच वेळा झालं की पाहुणे दिसताच त्याचं अंग आखडतं. लोक म्हणतात, ‘आता शहाणा झाला.’ मग एक दिवस ते गुरगुरतं, त्यावर पुन्हा मार बसतो, आणि ते गुरगुरणंही सोडतं. गुरगुरणं ही सूचना असते. ती बंद पाडली की पुढचा चावा न सांगता येतो. ‘काही न करता एकदम चावला’ म्हणून आमच्याकडे आणलेल्या कुत्र्यांच्या मागे बऱ्याचदा हीच कहाणी निघते.

पोर्तुगालमध्ये 92 पाळीव कुत्र्यांवर झालेला अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. पट्ट्याचे हिसके आणि आरडाओरडा चालणाऱ्या शाळांतली कुत्री जास्त वेळा ओठ चाटत, जांभया देत (कुत्र्यांत ही ताणाची खूण) आणि त्यांच्या लाळेत ताणाचं कॉर्टिसॉल जास्त सापडलं. वेल्समध्ये विजेच्या झटक्याचा पट्टा 2010 पासून बेकायदा आहे. आमच्या आवारात असा पट्टा, काट्यांची साखळी किंवा हातात काठी घेऊन येऊ नका, परत पाठवू.

याचा अर्थ लाडावून ठेवा असा नाही. नियम हवेतच, रोज तेच हवेत. उडी मारली की कुणी बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही; चारही पाय टेकले की त्याच क्षणी कौतुक. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी पोराबाळांसकट येतात तेव्हा याची परीक्षा होते. त्याआधी दोन-तीन आठवडे शेजाऱ्यांना रोज संध्याकाळी बेल वाजवायला सांगा. पहिल्या बेलेला कुत्रं दाराकडे झेपावतं, तुम्ही कडीवरचा हात काढता. ते मागे सरून बसतं, हात पुन्हा कडीवर. दार बोटभर उघडलं आणि ते उठलं, दार बंद. पहिल्या दिवशी शेजारी कंटाळतील. चौथ्या-पाचव्या दिवशी बेल वाजताच कुत्रं पायपुसणीवर जाऊन बसलेलं दिसू लागतं, शेपटी मात्र फरशी झाडत असते.

खाऊ म्हणून काय द्यायचं? आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

पनीरचे मुगाच्या डाळीएवढे तुकडे उत्तम चालतात. जळगावात केळ्याला काय तोटा. पिकलेल्या केळ्याच्या छोट्या फोडी, उकडलेलं गाजर, भोपळाही चालतो. मांसाहारी घरात उकडलेलं चिकन, बिनमिठाचं आणि बिनहाडाचं. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात रुततात. दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या भागापेक्षा खाऊ जास्त नको, आणि तेवढं जेवण कमी करा.

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात. म्हणजे शेवभाजीचा रस्सा आणि भरीत कुत्र्याला बंद, कितीही काकुळतीने बघितलं तरी. द्राक्षं, मनुका, बेदाणे, चॉकलेट हेही विष.

उन्हाळ्यात वर्ग असतो का?

असतो, पण एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेपाचला सुरू आणि सातला बंद. साडेसहाला पोहोचणाऱ्यांनी नुसतं बघायचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो आणि डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा. सात सेकंद ठेववली नाही तर त्या रस्त्यावर पंजेही नकोत. संध्याकाळी सहाला ऊन उतरलेलं दिसतं, रस्ता उतरलेला नसतो.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतं. त्यामुळे तोंड घट्ट बांधलेलं मुसकं उन्हात जीवघेणं ठरतं, आणि चपट्या नाकाचा पग सगळ्यांच्या आधी थकतो. हस्की, सेंट बर्नार्ड घेण्याचा विचार असेल तर या भागात घेऊच नका, असं आम्ही तोंडावर सांगतो. आधीच घेतला असेल तर वस्तऱ्याने भादरू नका, फणीने खालची मेलेली लव काढा. वरचे केस उन्हापासून वाचवतात.

जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल झोकांडणारी दिसली तर सावलीत न्या, अंगावर साधं पाणी सारखं ओता, पंखा लावा आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन करा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंश असतं; 41 च्या वर गेलं की मिनिटं मोजावी लागतात. पाणी ओतल्याशिवाय गाडीत घालू नका.

गावठी कुत्रं शिकतं का? आमचं तर पाच वर्षांचं आहे.

शिकतं. गावठी कुत्री चलाख असतात, फक्त सावध असतात. पहिले दोन रविवार त्यांना आवार हुंगू द्यावं लागतं. वयाचं म्हणाल तर पाच वर्षांचं कुत्रं सहा महिन्यांच्या लॅब्रडॉरपेक्षा जास्त वेळ लक्ष देतं. सहा महिने ते दीड वर्ष हा वयात येण्याचा काळ सगळ्यात त्रासाचा, तेव्हा शिकलेलंही विसरल्यासारखं वागतात. बहुतेक लोक वर्ग सोडतात तेही तेव्हाच.

मळ्यातला राखणीचा कुत्रा आहे. शिकवला तर राखण सोडेल का?

सोडत नाही. भुंकणं त्याच्या स्वभावात आहे, आपण थांबणं शिकवतो. चार-पाच वेळा भुंकला, तुम्ही येऊन बघितलं, ‘बास’ म्हटलं, गप्प झाला की खाऊ. रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्याच्या आवाजाने शेवटी कुणी उठतच नाही. मोजकं भुंकणाऱ्याच्या आवाजाला लोक उठतात. अंगावर सोडायचं मात्र आम्ही शिकवत नाही, कितीही पैसे दिले तरी.

शेतावर दोन धडे जीव वाचवतात, ‘सोड’ आणि ‘ये’. केळीच्या बागेत साप निघाला किंवा कुणी उंदरांसाठी विष ठेवलं, तर तेच कामाला येतात. शेळ्या-मेंढ्यांमागे धावण्याची सवय एकदा लागली की ती मोडणं फार अवघड, म्हणून पिल्लू असतानाच लांब दोरीवर कळपाशेजारी बसवा. आणि सातपुड्याच्या कडेला, बिबट्याचा वावर असलेल्या शेतात कुत्रा रात्री उघड्यावर साखळीला बांधू नका. त्याला पळताही येत नाही. खोलीत किंवा जाळीत ठेवा, आवाज तिथूनही येतो.

हाक मारली की उलट लांब पळतो.

हाक मारल्यावर आजवर काय झालं ते आठवा. खेळ संपला, पट्टा लागला, आंघोळ घातली, रागावलात. मग का यावं त्याने? नवा शब्द घ्या आणि त्या शब्दावर आठवडाभर फक्त सर्वात आवडता खाऊ द्या, तोही घरातल्या घरात. मग लांब दोरी लावून अंगणात. तो येणार नाही असं दिसत असेल तर हाक मारूच नका, जाऊन घेऊन या. आल्यावर दहातल्या नऊ वेळा पुन्हा खेळायला सोडा. उशिरा आला तरी ओरडू नका, कारण ओरडा त्याला येण्याबद्दल मिळतो.

गणपतीतला डीजे आणि दिवाळीचे फटाके यांना घाबरतो.

तयारी जूनमध्ये सुरू करा. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज इतका हळू लावा की त्याने फक्त कान टवकारावेत, आणि तो चालू असतानाच जेवण द्या. आवाज दिवसागणिक किंचित वाढवा. खाणं थांबलं तर मागे या. प्रत्यक्ष त्या रात्री आतली खोली, बंद खिडक्या, कूलर किंवा टीव्हीचा आवाज. जवळ येऊन बसला तर कुरवाळा. कुरवाळल्याने भीती वाढत नाही. फार थरथरत असेल तर डॉक्टरांकडे औषध असतं, पण ते आधी विचारून ठेवा, लक्ष्मीपूजनाच्या रात्री दवाखाने बंद असतात.

वर्गात किंवा घरी दात लागला तर?

जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, कुत्र्याच्या लसी झाल्या असल्या तरी. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. म्हणून तीन महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याचं रेबीजच्या लसीचं कार्ड बघितल्याशिवाय आम्ही वर्गात घेत नाही. यात ओळख चालत नाही.

कुत्रा तुमच्याकडे महिनाभर ठेवून शिकवता का?

नाही. आमच्याकडे शहाणा होईल, तुमच्याकडे परत जुनाच.

दुसरी कुत्री दिसली की भुंकतो. वर्गात आणू?

आधी एकट्याला आणा, इतर वर्ग नसतील त्या दिवशी. भीतीने भुंकतो की भेटायला उतावीळ आहे ते बघू. भीती असेल तर तो शांत राहू शकतो तेवढ्या अंतरावरून सुरुवात करावी लागते. ते कधी 50 फूट असतं, कधी अख्खं मैदान.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

लसीचं कार्ड. रुंद, मऊ गळपट्टा किंवा हार्नेस आणि सहा फुटांची साधी दोरी. ताणणारी, गुंडाळली जाणारी नको. बारीक चिरलेला खाऊ, तोही दोन प्रकारचा, कमरेला बांधता येईल अशा पिशवीत, कारण खिशातून काढेपर्यंत क्षण गेलेला असतो. पाण्याचं भांडं. बसायला त्याचं रोजचं गोणपाट किंवा चटई, न धुतलेली. सकाळचं खाणं अर्धंच द्या. बुटाला नाडी असेल तर घट्ट बांधून या, पिल्लांच्या वर्गात नाड्या टिकत नाहीत.